काकांना आधी जाऊ दे

दिवाळी अंकासाठी लिहा, असं मला याआधीही दोन-तीनदा सांगण्यात आलं आणि मी लिहिलंही. पण दरवेळी हसवणारं काहीतरी देऊन सुटलो. प्लास्टरच्या आत ज्वारीचं धाट घालून पाय खाजवणाऱ्या आजीबाई, व्यायामाच्या दोरीवर धोतर वाळत घालणारे पाटील, असले किस्से माझ्याकडे पुष्कळ होते. वाचणाऱ्यांना ते आवडले. रस्त्यात भेटले की लोक आठवण काढायचे. जी गोष्ट लिहायला हवी होती ती मात्र मी टाळत आलो. आधी सुखदेव हयात होता म्हणून, आणि तो गेल्यावर त्याची बायको शांताबाई होत्या म्हणून. मागच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या. आता टाळायला माझ्याजवळ कारण नाही, आणि वयाकडे पाहिलं तर फारसा वेळही नाही.

सुखदेव कोण होता आणि मी त्याचं काय केलं, ते सांगायचं आहे. त्यासाठी आधी माझं काम सांगावं लागेल.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलो. हा शब्द तेव्हा जालन्यात कुणाच्या तोंडात बसत नव्हता. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे दवाखान्यात बराबर काय करता तुम्ही?" मी म्हटलं, आखडलेले सांधे हलते करतो. ते सुपारी चघळत शेजारच्या माणसाला म्हणाले, "मालिश." शेवटपर्यंत त्यांच्या लेखी मी मालिशवालाच राहिलो. पुढे सुखदेवने ते उचललं. मी जाफराबादला गेलो की त्याच्या शिवणाच्या दुकानातून हाक यायची, "या, मालिशवाले डाक्टर!" आणि अख्खा बाजार माझ्याकडे बघायचा.

माझं खरं काम मोजायचं होतं. सांधा किती वाकतो, किती सरळ होतो, चालताना माणूस कुठल्या पायावर कमी वेळ टेकतो. हे शिकायला वेळ लागतो, आणि मी ते चांगलं शिकलो होतो, असं आजही म्हणेन. रोगी दारातून आत येईपर्यंत कुठला सांधा बिघडलाय ते मला कळायचं. त्याचा मला गर्व होता. तो गर्व पुढे नडला.

आमचे मोठे डॉक्टर अस्थिरोगतज्ज्ञ होते. बाहेर देशी शिकून जालन्यात परत आलेले, कमी बोलणारे, शर्टाच्या बाह्या कायम कोपराच्या वर दुमडलेल्या. घोटा हा त्यांचा ध्यास होता. ते म्हणायचे, गुडघ्याच्या मागे सगळं जग लागलंय, घोट्याला कुणी विचारत नाही.

गुडघा वयाने झिजतो. घोट्याचं तसं नसतं. त्याचं वाटोळं होतं ते बहुतेक वेळा जुन्या मोडण्यामुळे. मोटारसायकलवरून पडतो, विहिरीत उतरताना पाय सटकतो, हाड तुटतं, गावातच बांबूच्या खपाट्या बांधून कसंबसं जुळतं. जुळतं पण वाकडं. मग काही वर्षांत सांध्यातलं गुळगुळीत आवरण खरवडून जातं आणि हाडावर हाड घासायला लागतं. म्हणून घोट्याचे रोगी म्हातारे कमी आणि कामाच्या वयातले जास्त. त्यांना पाऊल टेकवत नाही, आणि बसून खायची सोय नसते.

गोळ्या, पट्टे, माझे व्यायाम हे सगळं करून थकल्यावर दोन शस्त्रक्रिया उरायच्या. पहिली जुनी. सांधा साफ करून दोन्ही हाडं स्क्रूने आवळायची, म्हणजे ती जुळून एकच होतात. आम्ही त्याला घोटा गोठवणं म्हणायचो. दुखणं जातं, कारण हलणंच जातं. दुसरी तेव्हा नवी होती. खराब भाग कापून तिथे धातूचा आणि प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवायचा. दुखणं जातं आणि पाय हलतोही, निदान तसं सांगत होते.

गोठवलेल्या घोट्याचं आमच्याकडे चांगलं चालायचं. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमधला एक कामगार होता, त्याच्या घोट्यावर सळयांचा भारा आदळला होता. गोठवल्यावर तो परत कामाला लागला. तपासणीला आला की एक्स-रे उजेडासमोर धरून स्वतःचे स्क्रू बघत बसायचा. एकदा म्हणाला, "साहेब, हे लोखंड कुठलं?"

"बाहेरून येतं."

"मंग आमच्या मिलचं कामून न्हाई घातलं? आमचं लोखंड पुलाला चालतं, मला न्हाई चालत व्हय?"

तर डॉक्टरांना हे शोधायचं होतं की या दोन्हींत कोणती शस्त्रक्रिया आपल्या लोकांना बरी. नव्वदच्या पुढेमागे त्यांनी अभ्यास सुरू केला. पद्धत साधी होती. बुधवारी घोट्याचे रोगी बोलवायचे. ज्यांना दोन्हींपैकी कोणतीही शस्त्रक्रिया चालण्यासारखी आहे त्यांना स्पष्ट सांगायचं, की दोन इलाज आहेत, कोणता जास्त चांगला ते आम्हाला माहीत नाही, नंबराप्रमाणे एकाला हा आणि पुढच्याला तो होईल, कबूल असेल तर थांबा. मी प्रत्येकाचा घोटा मोजायचो आणि बाकावर बसवायचो. ज्या क्रमाने बसले त्या क्रमाने आत पाठवायचो. एक गोठवायचा, दुसऱ्याला सांधा. पुन्हा गोठवायचा, पुन्हा सांधा.

"आपल्याला माहीत असतं कोणतं चांगलं, तर ही चाचणी करणं पाप झालं असतं," डॉक्टर मला म्हणाले होते. "माहीत नाही, म्हणून करतोय. तुम्हालाही माहीत नाही, हे लक्षात ठेवा."

मी मान हलवली. मनात मात्र मला माहीत होतं. हलणारा सांधा चांगला. ज्याचं आयुष्य सांधे हलवण्यात जातं त्याला दुसरं काय वाटणार?

शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी रोग्याच्या घरी जाऊन बघायचं कामही माझ्याकडे होतं. हे कठीण काम. परतूरकडच्या एका बाईंना मी विचारलं, कसं आहे? "बरं हाय की." दुखतं का? "न्हाई बा." चालता येतं? "येतं ना, बिलकुल येतं." बाई असं का बोलतात ते मला उशिरा समजलं. दवाखान्याचा माणूस एवढ्या लांब आलाय, त्याच्यासमोर रडगाणं गायचं म्हणजे त्याचा अपमान. मग त्या चहा ठेवायला उठल्या, आणि उंबरठा ओलांडताना भिंतीला हात लावून थांबल्या. मी परत येऊन डॉक्टरांना हे सांगितलं. तेव्हापासून त्यांचा मला एकच आदेश असायचा, कुणाच्या घरी चहाला नाही म्हणू नका.

आता सुखदेव.

आम्ही दोघं जाफराबादचे. शाळेत एका बाकावर बसलो. त्याच्या घरचे बौद्ध, वडील सालगडी. सुखदेव दहावीनंतर शिवणकाम शिकला आणि बसस्टँडजवळ दुकान टाकलं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीची पँट त्यानेच शिवली, आणि आत कमरेला जास्तीचं कापड ठेवलं. "सरकारी असो का धर्मादाय, खुर्ची भेटली की पोट वाढतंय," असं म्हणाला. पोट वाढलं आणि ते कापड कामी आलं.

एकदा टेंभुर्णीहून येताना तो काळीपिवळी जीपच्या मागे लोंबकळत होता. जीप कलंडली. उजवा घोटा मोडला. हाड वाकडं जुळलं, आणि काही वर्षांत तो घोटा संपला. पायमशीनवर बसून शिवणाऱ्याला घोटा म्हणजे सगळंच. मशीनचा पायटा पुढेमागे हलवायचा तो घोट्यानेच. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायच्या दिवसांत तो पायाला ओलं फडकं गुंडाळून मशीन चालवायचा आणि दात आवळून गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा.

मीच त्याला बुधवारी बोलावलं. डॉक्टरांनी तपासून त्याला अभ्यासाची सगळी माहिती दिली. तो म्हणाला, "नंबरानं होनार ना? मंग काय हरकत हाय. वशिल्यानं व्हायचं असतं तर आमच्यासारख्याला कधी भेटलं असतं?" डॉक्टर हसले. मीही हसलो.

त्या दिवशी बाकावर सुखदेव पहिला बसला होता. त्याच्या शेजारी कुंभार पिंपळगावचे एक काका, साठीचे, मोसंबीची बाग असलेले. मागच्या बुधवारी शेवटच्या रोग्याला सांधा ठरला होता. म्हणजे आता पहिला जाईल त्याचा घोटा गोठणार, दुसऱ्याला सांधा. सुखदेवचा गोठणार होता. गोठलेल्या घोट्याने तो चालला असता, पण पायमशीन चालवता आलं नसतं.

मी त्याच्या घोट्याची मोजणी करत होतो तेव्हा तो हळूच म्हणाला होता, "गड्या, मशीन तेवढं चालावं. बाकी लंगडलो तरी चालतंय." एवढंच म्हणाला तो. हे मला नीट नोंदवायचं आहे. त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही.

आपल्याकडे माणूस एखाद्या कचेरीत, दवाखान्यात असला आणि त्याच्याच्याने दोस्ताचं काम होत नसलं, तर लोक म्हणतात मग त्याचा उपयोग काय. माझ्या डोक्यात तेच होतं. आणि करायचंही काही विशेष नव्हतं. खोटं लिहायचं नव्हतं, कुणाचं काही चोरायचं नव्हतं. एक माणूस आधी, एक नंतर, एवढंच.

मी म्हणालो, "सुखदेव, काकांना आधी जाऊ दे. म्हातारं माणूस, लांबून आलंय, त्यांची परतीची एस.टी. चुकेल."

सुखदेव ताबडतोब उठला. "जा ना काका. मला कुठं घाई हाय."

काका बसूनच हात हलवायला लागले. "न्हाई न्हाई, तुम्ही पहिले आल्ते. नंबर तुमचा हाय."

"अहो नंबराचं काय घेऊन बसले. तुम्ही वडीलधारे."

"तुमचा बी पाय दुखून राह्यला ना?"

"दुखतोय तर दुखू द्या, तुमच्यापेक्षा जवान हाय मी."

"असं न्हाई बरं दिसत."

"मंग काय आता दोघं बी घरी जायचं का? उठा काका, डाक्टर वाट बघून राह्यले."

बाकावरचे सगळे हसत होते. मीही त्यांच्यात हसत होतो. आतून घंटी वाजली. काका उठले, सुखदेवच्या खांद्याला धरून दोन पावलं चालले आणि आत गेले. काकांचा घोटा गोठवायचा ठरला. त्यांच्यानंतर सुखदेव गेला. त्याला सांधा.

एक आड एक या पद्धतीत खोट एवढीच आहे, की पुढचा नंबर कशाचा ते बाहेर बसलेल्या माणसाला कळतं. बाहेर मी बसलो होतो. पुढे जगभर इलाजाचं नाव आत घातलेली बंद पाकिटं आली, मग संगणक आले, ते माझ्यासारख्या माणसांसाठीच आले.

पहिलं वर्ष फार छान गेलं. सुखदेवचा घोटा मी रोज वाकवायचो, तो ओरडायचा, शिव्या द्यायचा, आणि एक दिवस दवाखान्यातल्याच जुन्या पायमशीनवर मी त्याला बसवलं. पायटा हलला. चाक फिरलं. तो नुसता चालवत राहिला, सुईत दोरा नसताना. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो. त्या वर्षी मी त्याला सगळं सांगून टाकण्याच्या अगदी बेतात होतो. पण तेव्हा ती कबुली झाली नसती. ती शेखी झाली असती. बघ, मी तुझ्यासाठी काय केलं ते. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून गप्प राहिलो, दुसरं काही नाही.

तिसऱ्या वर्षी त्याचा पाय पुन्हा दुखायला लागला. एक्स-रेमध्ये धातूच्या भोवती काळी रेघ दिसली. ती रेघ काय सांगते ते मला ठाऊक होतं. सांधा हाडातून सुटत होता. त्या काळातल्या सांध्यांचं असं अनेक ठिकाणी झालं. आता नवे आले आहेत, ते चांगले टिकतात असं ऐकतो, म्हणून कुणी हे वाचून घाबरू नये. पण सुखदेवच्या घोट्यात जुना होता.

तो काढावा लागला. काढताना हाड गेलं. कमरेचं हाड घेऊन भरलं, तर आत पू झाला. पुन्हा साफ केलं, पुन्हा भरलं. मधल्या काळात त्याचे वडील वारले आणि हा दवाखान्यात. शेवटी पाय जुळलाच नाही नीट, आखूड तेवढा झाला. एका बुटाला जाड तळ लावून, काखेत कुबडी घेऊन तो घरी गेला. मशीन शांताबाई चालवायला लागल्या. सुखदेव खाली सतरंजीवर बसून कापड बेतायचा, काजं करायचा. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "काय सुखदेव, बायकोला कामाला लावलं?" तर म्हणायचा, "मालकीण झाली ती. मी नोकरीला हाय." लोक हसायचे. शांताबाई हसत नसत.

आणि कुंभार पिंपळगावचे काका? त्यांचा घोटा उत्तम जुळला. काठी सुटली. मोसंबीच्या हंगामात ते पिशवी भरून दवाखान्यात यायचे, आणि मला बाजूला घेऊन म्हणायचे, "त्या दिवशी तुम्ही अन् त्या पोरानं मला पहिले जाऊ दिलं. आजकाल कोण देतं असा मान?" मग विचारायचे, "बरा हाय ना तो शिवणवाला?" मी म्हणायचो, बरा आहे. ती मोसंबी मी वॉर्डात वाटून टाकायचो.

बाकीच्यांचेही सांधे एकेक करून ढिले होऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी अभ्यास थांबवला. जे झालं ते न लपवता लिहून काढायला बसले. फसलेलंही छापलं पाहिजे, म्हणजे दुसरा कुणी तिथे पाय ठेवणार नाही, असं म्हणाले. अभ्यास थांबल्याचं आणि तो छापून येणार असल्याचं सुखदेवला मीच सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो काजं करत होता. सुई थांबवून म्हणाला, "म्हंजे माझा पाय त्याच्यात हाय?"

"आहे."

"मंग वाया न्हाई गेला." हातातलं काज पुरं करून म्हणाला, "हे बघ, नशीब-बिशीब आपुन मानत न्हाई. दोघांतल्या एकाला हे येनारच व्हतं. नंबर बराबर व्हता, मला आला. कुणी केलं असतं तर डोस्कं फिरलं असतं माझं. कुणी केलं न्हाई, मंग कुणावर राग धरू?"

तो त्या नंबरावर उभा होता. पायावर नाही, नंबरावर. आणि तो नंबर खोटा होता.

त्यानंतर मला जेवण गोड लागेना. शेवटी एके दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते लिहीत होते. लिहायचे थांबले, चष्मा काढला. रागावतील म्हणून मी तयार होतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ही दोन माणसं मला काढून टाकावी लागतील."

मला आधी कळलंच नाही.

"नंबर बदलला की ते या अभ्यासाचे राहिले नाहीत. त्या काकांचा चांगला झालेला पाय मोजता येणार नाही, आणि सुखदेवचा बिघडलेलाही नाही. दोन्ही बाहेर."

मी म्हणालो, "डॉक्टर, त्याला वाटतं त्याचा पाय यात आहे."

"मग त्याला सांगा, का नाही ते. अभ्यासातली चूक मी दुरुस्त करू शकतो. माणसाला सांगायचं काम तुमचं आहे." त्यांनी चष्मा लावला. मी दारात पोहोचल्यावर म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं, तुम्हालाही माहीत नाही म्हणून." आवाज चढवला नाही. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याही रोग्याच्या क्रमाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी जाफराबादला जात राहिलो. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. दरवेळी सांगायचं ठरवून जायचो. कधी दुकानात गिऱ्हाईक असायचं, कधी तो खुशीत असायचा, कधी फार दुखत असायचं. खुशीत असताना कसं सांगायचं, आणि दुखत असताना तर कसं सांगायचं. मुलीचं लग्न काढलं तेव्हा म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. लग्न झालं तेव्हा म्हटलं, दोन दिवस आनंदात जाऊ दे. अशी वर्षं गेली. माझ्यासाठी जेवायला थांबायचा तो. चहाला मी कधी नाही म्हटलं नाही, आणि तो उठून चहा सांगायला दारापर्यंत कुबडीवर जायचा तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. लोकांच्या पायांकडे बघण्यात मी आयुष्य घालवलं, त्याच्या पायाकडे बघायचं मला जमलं नाही.

दोन हजार सालाच्या नंतर त्याला साखरेने धरलं. मग मूत्रपिंडं गेली. मी निवृत्त झालो होतो. निरोप आला तसा मी जालन्याहून निघालो, आणि जीपमध्ये बसल्यावर काय बोलायचं ते शब्दन् शब्द जुळवलं. ओठ हलवत होतो बहुतेक, कारण शेजारच्या बाईने विचारलं, "काका, पोथी म्हणून राह्यले का?"

सुखदेव दुकानाच्या मागच्या खोलीत खाटेवर होता. सुजलेला, पण डोळे तेच. समोर एक तरुण मुलगी बसलेली. शेजारची वर्षा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. स्कूटीवरून पडून तिचा घोटा गेला होता, आणि औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात असाच एक अभ्यास चालू होता, त्यात भाग घेणार का म्हणून तिला विचारलं होतं.

"बरं झालं आलास," सुखदेव म्हणाला. "मालिशवाले, हिला समजावून सांग. भिऊन राह्यली."

वर्षा म्हणाली, "काका, ते म्हणतात कोणतं ऑपरेशन करायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. ही काय लॉटरी आहे का?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. माहीत नसतं, म्हणून असं करतात. स्वतःच्या मनाने ठरवलं तर आवडत्या माणसाला एक आणि नावडत्याला दुसरं, असं होऊन बसतं.

"पण मध्ये कुणी हात घातला तर? कुणाची ओळख असली तर?"

सुखदेवला हसू आलं, त्यातच खोकला आला. दारालगत शिवत बसलेल्या शांताबाईंनी मशीन थांबवून पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "अगं, आमच्या टायमाला तर काम्पुटर बी नव्हता. बाहेर बाकापाशी हा एकटा बसेल राह्याचा. अन् मी ह्याचा लंगोटीयार. ह्यानं मनात आणलं असतं तर काय बी केलं असतं. तरी ह्यानं मला एका शब्दानं इकडचं तिकडं केलं न्हाई. माझा नंबर आला तसा गेलो मी. इचार त्याला."

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. "हो का, काका?"

शांताबाईंनी मशीन सुरू केलं नव्हतं. त्याही बघत होत्या.

मी म्हणालो, "हो."

"झालं?" सुखदेव तिला म्हणाला. "अन् माझ्या पायाचं काय झालं ते बघून भिऊ नको. असे पाय बिघडले म्हणून तर त्यांनी नवे सांधे काढले. माझा पाय हाय त्या हिशोबात. कुठं तरी लिहेल हाय तो. तुझा बी लागू दे कामाला."

ती मोकळी झाली. उठताना तिने त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला, त्या आखूड पायाला. तो म्हणाला, "अगं, हे काय, देव हाय का मी?" पण त्याला बरं वाटलं, ते दिसलं.

ती गेली. शांताबाई चहाला दूध आणायला बाहेर गेल्या. आम्ही दोघंच होतो. मी खाटेच्या कडेला बसलो होतो, त्याचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "सुखदेव."

"बोल ना."

जीपमध्ये जुळवलेले शब्द सगळे आठवत होते. एकही विसरलो नव्हतो. पण ते बोललो असतो तर त्या खाटेवरच्या माणसाजवळ काय उरलं असतं, तेही मला दिसत होतं. आणि हा विचार मी त्याच्यासाठी करत होतो की स्वतःसाठी, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. बाकावरही मी असाच त्याच्या भल्याचा विचार केला होता.

"तू आज काई बोलूनच न्हाई राह्यला," तो म्हणाला.

"काही नाही. शेवटची जीप सुटेल."

"मंग जा ना जल्दी. पुढच्या खेपेला मुक्कामाला राह्य. निवांत बोलू."

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा खोलीत आणि बाहेर माणसं होती, आणि बोलायला तो नव्हता.

जे बोलायचं होतं ते एवढंच होतं. सुखदेव, तुझा नंबर आला तसा तू गेला नाहीस. मी तुला मागे बसवलं. तुझा पाय कुठेही लिहिलेला नाही, तोही माझ्यामुळेच. तू कुणावर राग धरू म्हणून विचारलं होतंस, तर माझ्यावर धर. आणि जमलं तर मला माफ कर.